आठवी गाळून

तीस प्रश्नांपैकी एकही उत्तर बरोबर नव्हतं. परशराम गुंजीकर सरांनी पेपर पुन्हा तपासला आणि लाल पेन बंद केलं.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. डोळे मिटून खुणा करणाऱ्या पोरालाही सात-आठ गुण मिळतात. सगळीच्या सगळी चुकवायची, तर बरोबर उत्तरं माहीत असावी लागतात. बारा वर्षांच्या सौम्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

हुशार मुलांना एक इयत्ता गाळून पुढं बसवण्याचा सरकारी आदेश आला, तेव्हा निपाणीजवळच्या त्या मराठी शाळेत सरांपुढं हेच एक नाव होतं. सातवीतली सौम्या दहावीची गणितं सोडवत होती. वर्गात ती खिडकीबाहेर बघत बसे आणि सरांना ते बघवत नसे. तिला थेट नववीत न्यायचं, एवढंच त्यांनी मनावर घेतलं होतं.

संध्याकाळी ते पेपर घेऊन तिच्या घरी गेले. वडील भरमूअण्णा टायरचं दुकान बंद करून नुकतेच आले होते.

"वहिनी, पोरीला तुम्ही काही सांगितलंय का?" सरांनी आईला विचारलं.

अक्काताईंनी चहा पुढं केला. "न्हाय. पण एवढी घाई कशाला, सर? शिकंल की हळूहळू, तिच्या वयाच्या पोरींबरोबर."

"हिच्यावर सोडलं असतं तर पोरगी अजून बालवाडीत असती," भरमूअण्णा हसले.

"बरं झालं असतं," अक्काताई म्हणाल्या. अण्णांनी नुसतं बघितलं. त्या आत गेल्या.

"पुन्यांदा परीक्षा घेता येती न्हवं?" अण्णांनी सरांना विचारलं.

"तोंडी घेता येते."

"मग घ्या. पोरगी पुढं जात असंल तर आपण कशाला आडवं यायचं? दहावी एक वर्ष आधी हुती, हे नक्की न्हवं?"

"नक्की."

असा बाप गावात आणखी चार पोरींना असता तर, असं परतताना सरांना वाटलं.

तोंडी परीक्षेला तालुक्याहून अधिकारी बाई आल्या. सौम्या प्रत्येक प्रश्नाला "येत न्हाय" म्हणाली. सरांनी बाईंकडं पाच मिनिटं मागून घेतली. फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि सोडवायला घेतलं. तिसऱ्या ओळीत मुद्दाम चिन्ह चुकवलं.

सौम्या खाली बघत होती. सर लिहीत राहिले. चूक ओळीओळीनं वाढत गेली. सौम्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"सर, तिथं उणे पायजे."

"कुठं गं?" सरांनी खडू पुढं केला.

ती उठली. तळहातानं ओळ पुसली, चिन्ह बदललं आणि मग थांबलीच नाही. सरांच्या रीतीपेक्षा दोन ओळी कमी घेऊन तिनं उत्तर काढलं. वळली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. अधिकारी बाई सही करत होत्या. हसू गेलं.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "सर, मला आठवीतच बसवा."

"मैत्रिणी सुटतील म्हणून?"

तिनं फळ्याकडं बघत मान डोलावली.

"अगं, मैत्रिणी नववीतपण मिळतील. आठवीत तुझ्यासाठी आहे काय?"

"एक वर्ष हाय की."

सर हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेडी आहेस."

मंजुरीचं पत्र आलं, तेव्हा ते शिपायाबरोबर न पाठवता सर रविवारी स्वतः घेऊन गेले. दारात एक गाडी उभी होती. आत संकेश्वरचे पाहुणे बसले होते, आईवडील आणि त्यांचा मिशा राखलेला मुलगा. सौम्या साडी नेसून चहाचा ट्रे धरून उभी होती. अक्काताई कुठं दिसल्या नाहीत.

भरमूअण्णांनी पत्र घेतलं, सरांना पेढा भरवला आणि ते पाहुण्यांकडं वळले.

"हेच ते सर. दहावी झाल्याबिगर सून न्यायची न्हाय म्हणत हुता न्हवं तुम्ही? घ्या, ह्यांनी तुमचं एक वर्ष वाचवलं."