बिनदिव्याची सायकल

दुकानाच्या मागच्या खोलीत शिंपीकाकांशी दिवसभर कुणी चकार शब्द बोलत नसे. मापाची चिठ्ठी टाचलेले कपडे खिडकीतून यायचे आणि शिवून झाले की खिडकीतूनच जायचे.

रात्री घरी जाताना चौकातल्या हवालदाराने त्यांची सायकल अडवलीच. "काका, आज पुन्हा दिवा नाही? रोज सांगून तोंड दुखलं माझं! अहो, मागून गाडी आली तर दिसणार कसे तुम्ही? घरच्यांचा तरी विचार करा."

"उद्या नक्की लावतो, साहेब."

"बरं, जपून जा."



वळणाआड गेल्यावर काका रोजच्यासारखे थांबले आणि पिशवीतलं चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगात चढवून, मागचा-पुढचा दिवा लावून, आपल्या कुलूपबंद घराकडे निघाले.