थिजलेलं खोबरेल

साहित्य: खोबरेलाची बाटली, गरम पाण्याची बादली, स्टुलावर स्पीकर लावून ठेवलेला फोन.

"बाबा, आज दिवाळीची पहिली आंघोळ. तेल लावलंत?" मुलीने चंदीगडहून विचारलं.

"थिजलंय. बाटली बादलीत बुडवलीय. रेणू एकमेकांना घट्ट धरून बसलेत. ऊब लागली की सुटतील."

"झाली शाळा सुरू! रिटायर झालात, मास्तर!"

कृती: कडेचं तेल आधी पातळ झालं. पांढरा गोळा तळाशी बसला, मग तोही वितळला. मास्तरांनी हातांना, पायांना, छातीला तेल चोळलं. पाठ राहिली. पाठीला दरवर्षी बायको लावायची. ती या उन्हाळ्यात गेली.

"आणि पाठीला?" मुलीने नेमकं विचारलं.

काळजीपोटी ती नवी नोकरी सोडून येईल, या भीतीने मास्तर म्हणाले, "शेजारचे पिसाळ आलेत ना. चांगलं रगडतायत."

"द्या बरं त्यांना फोन."

निरीक्षण: मास्तरांनी घसा खाकरला, पण पिसाळांचा आवाज काही काढता येईना.

"ते... तू लावलंस का तेल?" त्यांनी विषय बदलला.

"माझंही दगड झालंय. खोलीवर एकटीच आहे मी."

"बाटली गरम पाण्यात ठेव. मी थांबतो."

तिकडे नळ सुटल्याचा आवाज आला. इकडे बादलीवरची वाफ विरून गेली.

"बाबा," अखेर ती म्हणाली, "पाठीला हात पोचत नाही हो."

"माझाही नाही पोचत, बाळ," मास्तर म्हणाले.