माकडांची अट

इनायतभाईंनी करारनामा न वाचताच सहीसाठी पुढे ओढला. छपराची कवेलू बदलायची होती. कोणी बदलेल, कशीही बदलेल. बायको सईदा गेल्यापासून त्यांना घराचं काही वाटेनासं झालं होतं.

ठेकेदार अकरमने कागदावर हात ठेवला. "थांबा भाई. भाभीनं अशी सही करू देली असती काय?"

घरात तिचा विषय कोणी काढत नसे.

अकरमने कागद आपल्याकडे वळवला आणि मोठ्याने वाचू लागला. "माकडांनी कवेलू फोडल्यास ठेकेदार जबाबदार राहणार नाही." मग कमरेवर हात ठेवून तो अगदी सईदाच्या ठसक्यात बोलला, "काऊन रे अकरम? नागभीडमंधी माकडं आजच आली का? का मी न्योता देऊन बोलावलं त्यायले?" आणि त्याने ती अट खोडून टाकली.

पुढची अट होती, जुन्या कवेलूंचा मलबा घरमालकाने उचलावा. "मलबा मी उचलू? मंग तू काय नुसता चहा प्यायले येऊन राह्यला?" तीही अट गेली.

इनायतभाईंना हसू आलं. हसता हसता डोळे पुसावे लागले.

पान संपलं. अकरम आपल्या आवाजात म्हणाला, "झालं भाई. करा आता सही."

इनायतभाईंनी कागद परत त्याच्याकडे सरकवला.

"मागच्या खोलीचंही काम लिही त्याच्यात," ते म्हणाले. "अन् तेही असंच आरामात वाच. मले काई घाई नाई."