तूप कुठं गोड असतं

"साखर बंद केली म्हणता, मग ही वाढली कशी?" डॉक्टरांनी बद्रीनाथचा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

मनकर्णाबाई खुर्चीच्या कडेला टेकली होती. पहाटेच्या एसटीनं देवगाव रंगारीहून शहरात आलेली, पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. तरी प्रश्न ऐकून ती ताठ झाली. वर्षभर घरात साखरेचा दाणा येऊ दिला नव्हता तिनं. दिवाळीला लेकीनं आणलेले लाडूसुद्धा परत पाठवले. लेक रुसली, तर रुसू दे म्हणाली.

"इचारा की यांना." तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं, बद्रीनाथकडं मान केली. "चहासुदीक बिनसाखरेचा. भाकर, कालवण आन घरच्या म्हशीचं तूप, बास. तूप कुठं गोड असतं?"

"किती तूप?"

"मापून कोण वाढतं वो? हे वाळत चालले म्हणून जरा सढळ हातानं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते सकाळपासून बोलून बोलून दमले होते. हळूच म्हणाले, "बाई, साखर आवरायला पोटातली एक ग्रंथी इन्सुलिन सोडते. तिथं कोलेस्टेरॉल साठलं की तिचं काम मंदावतं. यांचं कोलेस्टेरॉल फार वाढलंय. सगळं तुपानंच झालं असं नाही, पण तुपानं भर घातली. आता नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. रोज सुई घ्यावी लागेल."

"मीच मागून घ्यायचो, डॉक्टर," बद्रीनाथ म्हणाला.

साफ खोटं! तो बिचारा नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा. ही बया त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची आणि वर हसायची. मनकर्णाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेरच्या खोलीत नर्सबाईंनी पोटाची चिमटी कशी धरायची, सुई कशी टोचायची ते समजावलं. "पहिली माझ्यासमोर तुम्हीच द्या, मावशी. घरी तुम्हालाच द्यायचीय."

सुई हातात आली आणि मनकर्णाबाईनं ती तशीच टेबलावर ठेवून दिली.

"म्या नाय टोचणार," ती नवऱ्याला म्हणाली. डोळे भरून आले होते. "याच हातानं वाटोळं केलं तुमचं. तुमी रोज गावातल्या दवाखान्यात जात जा. कुणीबी टोचंल, पर म्या नाय."

बद्रीनाथ भिंतीला टेकला. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्यानं सदरा वर केला.

"टोच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातचं मला कवा पचलंय?"