चार कोपऱ्यांत चार फुलं

सुकेशनीने प्रश्न टाइप केला आणि पुसला. परत टाइप केला, परत पुसला.

जेवणाची सुट्टी होती. मानवतच्या त्या कापूस जिनिंगच्या ऑफिसात ती आणि हेडक्लार्क दत्तराव असे दोघंच. दत्तराव डब्यातली भाकरी मोडत होते. बाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या.

"इचार की. चावतंय का ते?" दत्तराव म्हणाले.

ते म्हणजे नवीन मशीन. मालकांच्या मुलाने, अवधूतशेठने, खास कंपनीपुरतं बसवलेलं एआय. त्याला इंटरनेट नाही, बाहेरच्या जगाचं वारं नाही. त्याचं खाणं एकच, कंपनीचे कागद. तीस वर्षांचे धुळीने माखलेले गठ्ठे सुकेशनीने आणि रोजंदारीवरच्या पोरांनी वाटून घेऊन आठ महिने स्कॅन करून त्याला भरवले होते. आता काहीही विचारा, चुटकीसरशी सांगायचं. कोणती मोटर कधी जळाली, कुणी काय कळवलं होतं, कोण विसरलं. साहेब लोकांचं मुंग्या पळाल्यासारखं अक्षर दत्तरावांनाही लागत नसे. मशीन तेही घडाघडा वाचायचं.

सुकेशनीचा प्रश्न मोटरचा नव्हता. बाबांचा होता.

बारा वर्षांपूर्वी इथल्याच यंत्राच्या चालू पट्ट्यात तिच्या बाबांच्या, सिद्धोधनच्या, गळ्यातली दस्ती, घाम पुसायचा रुमाल, अडकली. दस्तीच्या मागं बाबाही गेले. चौकशीत कंपनीने लिहून दिलं की पट्ट्यावरची जाळी तुटल्याची तक्रार कधीच आलेली नाही, मयताचा निष्काळजीपणा. फाईल बंद.

आणि तक्रार तर सुकेशनीने स्वतः लिहिली होती. सहावीत होती ती. बाबांना लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले, ती दुरेघी वहीच्या पानावर लिहीत गेली. शाळेत सुंदर हस्ताक्षराचा पहिला नंबर तिचाच. साहेबांना आवडावं म्हणून तिने पानाच्या चारही कोपऱ्यांत स्केचपेनने फुलं काढली. बाबांनी खाली अंगठा उठवला आणि घडी मोडू नये म्हणून पान पुठ्ठ्यात घालून नेलं.

पुढं त्याचं काय झालं, देव जाणे. माय दर वर्षी बाबा गेले त्या तारखेला तेच म्हणायची. "लय भिडस्त माणूस. दिलाच नसंल त्यानं कागद. दारातूनच माघारी आला असंल." बाबांनी कागद दिला होता की नव्हता? ही नोकरीसुद्धा तिने तेवढ्यासाठीच धरली होती.

"दत्तुकाका, बाबा तुमच्याकडं आले होते ना अर्जाचं विचारायला?"

"आलता की." दत्तरावांनी घास खाली ठेवला. "म्या म्हणलं, बस, कंपनीच्या कागदावर टाइप करून देतो. तर म्हणला, कशाला? माझ्या लेकीचं अक्षर बघा एकदा, तुमचं टायपिंगचं मशीन लाजंल. हसत हसत गेला. दुसऱ्या दिवशी मी गावाकडं गेलो. पुढचं मला ठाव न्हाई, बाई."

सुकेशनीने प्रश्न टाइप केला. या वेळी पुसला नाही. पट्ट्यावरच्या तुटक्या जाळीबद्दल सिद्धोधन नावाच्या कामगाराचा अर्ज आहे का?

मशीनने उत्तर दिलं. होय. गठ्ठा 'किरकोळ', पान २१४. त्याच्या आधी कुणाची तरी लग्नपत्रिका, नंतर चहावाल्याची चिठ्ठी. अपघाताच्या सतरा दिवस आधीची तारीख.

पान उघडायच्या आधीच तिने मायला फोन लावला.

"माय, दिला होता. बाबांनी कागद दिला होता."

पलीकडे मायने, चतुराबाईंनी, नाक ओढलं. "आन् मी बारा वर्सं त्यालाच बोल लावला की गं. वाच. मला ऐकू दे."

पडद्यावर पान उघडलं. पिवळं पडलेलं, पण अक्षर कालच लिहिल्यासारखं. चारही फुलं जागच्या जागी. सुकेशनीने मोठ्याने वाचलं.

"माननीय साहेब, पट्ट्यावरची जाळी तुटली आहे. चालू पट्टा उघडा आहे. कुणाचं कापड अडकलं तर माणूस ओढला जाईल. कृपा करून जाळी बसवून द्यावी ही नम्र विनंती. आपला विश्वासू, सिद्धोधन."

दत्तराव डबा तसाच टाकून मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लय झ्याक लिहिलंय," माय म्हणाली. तिच्या आवाजात बारा वर्षांत नव्हतं असं काहीतरी होतं. "मंग साहेबानं का न्हाई केलं? खाली काय लिहिलंय का त्यानं?"

लिहिलं होतं. अंगठ्याच्या शेजारी, लाल पेनाने, दीड ओळ. मुंग्या पळाल्यासारखी. सुकेशनीला लागेना. दत्तरावांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली.

तिने मशीनला विचारलं, लाल शाईत काय आहे?

"वाच की गं," फोनमधून चतुराबाई म्हणाल्या.

मशीनने स्वच्छ अक्षरांत लिहून दाखवलं: 'फुलं काढलीत. लहान पोरीचा खेळ दिसतो, अर्ज नव्हे. किरकोळमध्ये टाका.'