डुगडुगती फळी

"आता तरी जमिनीवर उतरू द्या ना, बाबा! या फळीवर जड वजन घेतलं तर तोंडावर आपटेन."

"मग हलकं घे. पण फळी सोडायची नाही," बाबा म्हणाले. "तोल आधी, ताकद मागून."

पोरीचं डोकं सणकलं. अग्निशमन दलाची भरती तोंडावर आलेली, गेल्या खेपेला थोडक्यात हुकलेली, वयाच्या हिशेबाने ही शेवटचीच संधी. आणि हे अजून तिला डुगडुगत्या फळीवर नाचवतायत! बरोबरीच्या मुली तिकडे पोत्याएवढी वजनं उचलत होत्या. पण बाबांपुढे बोलायची सोय नव्हती. दलातले निम्मे जवान त्यांनीच घडवलेले. त्यांच्या बरोबरचे दोघे जवान आगीत गेले, तेव्हा दलाची नोकरी सोडून ते घरी बसले होते. ती धुसफुसत पुन्हा फळीवर चढली.

बाहेर मात्र बाबांविरुद्ध एक अक्षर ऐकून घ्यायची नाही. व्यायामशाळेत एक जण म्हणाला, "सर्कशीत जायचंय का गं तुला?" तिने त्याची अशी हजेरी घेतली, की तो पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

तसा फळीचा गुण आलाच होता. सारखा मुरगळणारा तिचा घोटा आता कुरकुरत नव्हता. परीक्षेत अरुंद तुळईवरून ती अशी झरझर गेली, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माणसाच्या वजनाचा पुतळा आला. तो खांद्यावर घेऊन जिना चढायचा. तिने दातओठ खाऊन जोर लावला. पुतळा गुडघ्यापर्यंत आला आणि धपकन खाली पडला. दुसऱ्यांदाही तेच. संपलं सगळं.

ती तरातरा परीक्षकांकडे गेली. "पुतळा नेहमीपेक्षा जड आहे तुमचा! वर्षभर घाम गाळलाय मी. तोही तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाच्या हाताखाली!"

"वजन तेवढंच आहे," परीक्षक म्हणाले. "तयारी कशी केलीस?"

"फळीवर उभी राहून. बाबांनी एक दिवस जमिनीवर वजन उचलू दिलं नाही."

परीक्षकांनी हातातली यादी खाली ठेवली.

"अगं, फळीवर तोल सुधारतो, जोर नाही वाढत. वजन उचलायचं तर पाय घट्ट जमिनीवर हवेत. भरतीआधी आमच्यातला कुणी फळीवर दिसला, तर काठी घेऊन मागे लागायचे तुझे बाबा."