ढिल्ला ठेका

ड्रमर नोकरीसाठी पुण्याला पळाला आणि बार्शीच्या रॉक बँडचा जीवच गेला. हा तिसरा. पहिल्याच्या दणक्यानं म्हणे शेजारच्या चिंचा पिकायच्या आधीच गळायच्या! शर्वाणीनं गिटार खोळीत घातली. उद्याचा कार्यक्रम रद्द, बँड बंद.

तोच शेजारचे अंबादास गोंधळी दारात. दोन वर्षं रोज येऊन ओरडणारे.

“आज काय, काका? आज तर सगळं शांत आहे.”

“म्हणून तर आलो. पोरी, मला तुमचा आवाज कधी खुपला नाही. ठेका खुपायचा. ढिल्ला!”

कमरेला संबळ बांधून ते सुटलेच. शर्वाणीनं गिटार पुन्हा काढली. ठेक्यात ती दोनदा मागं पडली.

“काका, हळू!”

“मी सत्तरीचा. तू पळ!”

तिसऱ्यांदा तिनं गाठलं. मग धापा टाकतच आयोजकांना फोन केला, “येतोय आम्ही. फक्त ड्रमरला स्टूल ठेवू नका. आमचे काका उभ्यानं वाजवतात.”